क्रमशः कथनातील मृत्यू आणि वाचकाचा प्रतिसाद : सुपरहीरो-कथांच्या आधारे एक विचार

१. विषयाचे स्वरूप

क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कथेत एखाद्या प्रिय पात्राचा मृत्यू घडतो, तेव्हा वाचक जे बोलतो, लिहितो किंवा करतो, त्याला साहित्याभ्यासात फारसे मानाचे स्थान मिळत नाही. संतापाची पत्रे, पात्र परत आणण्याची मागणी, शेवट बदलून स्वतःच लिहिलेली दुसरी कथा, हे सारे भाबड्या वाचनाचे नमुने समजले जातात. कलाकृती आणि लौकिक जीवन यांतील अंतर ज्याला राखता येत नाही तो रसिक नव्हे, अशी यामागची धारणा असते. रंजनप्रधान साहित्याच्या वाचकाबाबत तर ती अधिकच ठाम असते. अशा वाचकाची संख्या मोजावी, त्याचे मत विचारात घेऊ नये, असा एक अलिखित संकेतच समीक्षेत रूढ आहे.

ही धारणा कितपत टिकते, हे तपासण्यासाठी अमेरिकन सुपरहीरो-चित्रकथांचे क्षेत्र उपयुक्त ठरते. या कथा दशकानुदशके अखंड चालत आल्या आहेत. वाचकांचे प्रतिसाद त्याच अंकांतून छापले गेल्यामुळे ते अभ्यासकाला उपलब्ध आहेत. शिवाय या क्षेत्रात वाचक आणि लेखक यांच्यामधील सीमारेषा प्रारंभापासूनच पातळ आहे. ‘सुपरमॅन’चा एक जनक जेरी सीगल हा विज्ञानकथांचा चाहता होता. १९३३ मध्ये स्वतःच काढलेल्या हौशी नियतकालिकात त्याने अतिमानवाची पहिली कथा छापली होती. जगाला परिचित असलेला सुपरमॅन त्यानंतर पाच वर्षांनी, १९३८ मध्ये, ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात अवतरला.

प्रस्तुत लेखात वाचक-प्रतिसादाची तीन रूपे विचारात घेतली आहेत : पत्र, मत आणि अनुकथा. ‘अनुकथा’ ही संज्ञा येथे फॅन फिक्शन या अर्थाने, म्हणजे चाहत्यांनी मूळ पात्रे घेऊन रचलेल्या कथांसाठी योजली आहे. प्रतिसादाला जे रूप उपलब्ध असते त्यावर वाचकाला काय म्हणता येईल हे अवलंबून असते, आणि म्हणूनच प्रतिसादाच्या आशयाइतकाच त्याच्या रूपाचाही विचार समीक्षेने केला पाहिजे, हा या विवेचनाचा मध्यवर्ती मुद्दा आहे.

२. क्रमशः कथन आणि अपेक्षाक्षितिज

वोल्फगांग ईझर यांच्या मते संहितेतील रिक्त जागा वाचकाच्या कल्पनाशक्तीला कामाला लावतात. क्रमशः कादंबरीत दोन भागांमधला काळ ही अशीच एक विस्तारलेली रिक्त जागा होय. एकोणिसाव्या शतकातील वाचकांना तीच कादंबरी ग्रंथरूपापेक्षा भागाभागाने वाचताना अधिक रुचत असे, या वस्तुस्थितीकडे ईझर यांनी लक्ष वेधले आहे. भाग संपतो तेथे लेखक थांबतो, वाचक मात्र थांबत नाही. पुढे काय घडेल याचे तो अनेक आराखडे मनात रचतो. पुढचा भाग हाती पडतो तेव्हा त्याची तुलना मागच्या भागाशी तर होतेच, पण वाचकाने स्वतः रचलेल्या आराखड्याशीही होते. ‘करमणूक’ पत्रातून हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या वाचणाऱ्या मराठी वाचकाची स्थिती याहून मूलतः वेगळी नव्हती.

सुपरहीरो-कथेत या सामान्य स्थितीला एक विशेष जोड मिळते. उंबेर्तो एको यांनी १९६२ मध्ये लिहिलेल्या सुपरमॅनविषयक निबंधात या कथाप्रकाराच्या काळाचे मर्म उलगडून दाखवले आहे. पुराणकथेतील नायकाचे चरित्र पूर्वनिश्चित असते; कादंबरीतील नायक प्रत्येक कृतीबरोबर झिजतो आणि मृत्यूकडे एक पाऊल टाकतो. सुपरहीरो या दोहोंच्या मध्ये अडकलेला असतो. तो पुराणपुरुषासारखा स्थिर राहिला पाहिजे आणि तरीही दर महिन्याला त्याच्या आयुष्यात नवे काही घडले पाहिजे. यावर तोड म्हणून या कथा स्वप्नवत अशा काळात घडतात. मागच्या महिन्यातील घटना या महिन्यावर फारसा ठसा उमटवीत नाहीत.

हान्स रॉबर्ट याउस यांच्या परिभाषेत सांगायचे, तर या वाचकाचे अपेक्षाक्षितिज ‘संकट येईल, पण हानी होणार नाही’ या अलिखित करारावर उभे असते. अशा कथेत मृत्यू येतो तेव्हा केवळ एक पात्र जात नाही. कथेचा काळच बदलतो. स्वप्नकाळ संपतो आणि झिजवणारा काळ सुरू होतो. वाचकाच्या प्रतिक्रियेची तीव्रता समजून घ्यायची तर हा करारभंग ध्यानात घेणे आवश्यक आहे. नाट्यगृहात ‘एकच प्याला’ पाहायला बसलेल्या प्रेक्षकाला शोकाची पूर्वसूचना पहिल्या अंकापासून मिळत जाते. सुपरहीरो-कथेच्या वाचकाला तशी पूर्वतयारी नसते.

३. पत्र : १९७३ मधील एक वाद

जून १९७३ या तारखेच्या ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या १२१व्या अंकात नायक पीटर पार्करची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिचा मृत्यू घडला. लेखक गेरी कॉनवे तेव्हा विशीत नुकताच आलेला होता. चित्रे गिल केन यांची, तर संपादक रॉय थॉमस होते. ग्वेन १९६५ पासून मालिकेत होती. खलनायक ग्रीन गॉब्लिन तिला पुलावरून खाली लोटतो, स्पायडर-मॅन आपल्या जाळ्याचा धागा सोडून तिला अधांतरी झेलतो आणि वर ओढून घेतो. तेव्हा ती मेलेली असते. कथेचे शीर्षक नेहमीप्रमाणे प्रारंभी न देता अखेरच्या पानावर दिले होते, कारण शीर्षकातच मृत्यूची वार्ता होती.

या प्रसंगात एक लहानसा तपशील निर्णायक ठरला. धागा ग्वेनला पकडतो त्या चित्रात तिच्या मानेजवळ हाड मोडल्याचा ध्वनी दर्शवणारा एक छोटा शब्द लिहिलेला होता. त्याच कथेत गॉब्लिन मात्र म्हणतो, की इतक्या उंचीवरून पडताना ती आधीच मेली. मग तिला मारले कोणी? खलनायकाने, की वाचवू पाहणाऱ्या नायकाने? संहितेने दोन परस्परविरोधी उत्तरे एकाच वेळी पुरवली होती.

वाचकांची पत्रे आली ती या प्रश्नासह. त्यांत शोक होता, निषेध होता. त्याचबरोबर बारकाईचे संहितावाचनही होते. केवळ पडण्याने माणूस हवेत मरत नाही, हे वाचकांनी निदर्शनास आणले. १२५व्या अंकाच्या पत्रसदरात संपादकीय उत्तर प्रसिद्ध झाले, ते असे : जाळ्याने अचानक थांबवल्यामुळे मानेला बसलेल्या हिसक्यानेच ग्वेनचा अंत झाला, पण अन्य कोणत्याही मार्गाने तिला वाचवणे पीटरला शक्यच नव्हते. नायकाची कृती मृत्यूला कारण झाली आणि तरीही तो दोषी नाही, अशी शोकात्मिकेच्या परंपरेला जवळची भूमिका येथे एका मासिकाच्या पत्रसदरात मांडली गेली. पत्रसदरातील या वादाने कथेचा अर्थ पक्का केला. पुढील पन्नास वर्षांत स्पायडर-मॅनच्या कथांमध्ये हा अपराधभाव पुनःपुन्हा येत राहिला. अमेरिकेतील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जेम्स काकालिओस यांनी २००५ मधील आपल्या पुस्तकात याच प्रसंगावरून संवेग आणि आवेग यांचे गणित समजावून दिले आहे. वाचकांची शंका पोरकट नव्हती, याला यापेक्षा वेगळा पुरावा नको.

पत्र हे रूप या प्रकारच्या प्रतिसादाला अनुकूल का ठरले, याचाही विचार हवा. १९६०च्या सुमारास संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी पत्रलेखकांचे पूर्ण पत्ते छापण्यास प्रारंभ केला. त्यामुळे वाचक परस्परांना पत्रे लिहू लागले, आणि १९६१ मध्ये जेरी बेल्स यांनी रॉय थॉमस यांच्या साहाय्याने ‘आल्टर ईगो’ हे हौशी नियतकालिक सुरू केले. १९७३ मध्ये संपादकाच्या खुर्चीत बसून संतप्त वाचकांना उत्तरे देणारे थॉमस हे स्वतः एका तपापूर्वी असेच पत्रलेखक वाचक होते. स्टॅन्ली फिश ज्याला अन्वयार्थक समुदाय म्हणतात, तो येथे टपालखात्याच्या मदतीने उभा राहिला. पत्रात कारण द्यावे लागते. ‘हे मला आवडले नाही’ एवढ्यावर पत्र संपत नाही. का आवडले नाही, हे लिहिल्याखेरीज ते छापले जात नाही. या सक्तीमुळे वाचकाचा शोक युक्तिवादाचे रूप घेतो.

या निषेधाचा दुसरा परिणामही झाला. प्रकाशनसंस्थेचे प्रमुख स्टॅन ली यांना महाविद्यालयांतील व्याख्यानांच्या वेळी विद्यार्थ्यांनी जाब विचारला. पुढे १९७५ मध्ये कॉनवे यांनीच ग्वेनची प्रतिकृती कथेत आणली. ती दिसायला ग्वेनच होती, पण ग्वेन नव्हती. कथेच्या शेवटी ती निघून जाते. वाचकांची मागणी मान्य करणे आणि त्याच वेळी ती पूर्ण होऊ शकत नाही हे दाखवणे, असे दुहेरी कार्य या प्रतिकृतीने केले.

४. मत : १९८८ मधील एक प्रयोग

वाचकाला पत्राऐवजी मत दिले तर काय होते, याचे उत्तर १९८८ मध्ये मिळाले. ‘बॅटमॅन’च्या ४२६ ते ४२९ या अंकांतील ‘अ डेथ इन द फॅमिली’ ही कथा जिम स्टार्लिन यांनी लिहिली व जिम अपारो यांनी चित्रित केली. ४२७व्या अंकाच्या अखेरीस जोकर हा खलनायक बॅटमॅनचा किशोरवयीन साथी रॉबिन याला लोखंडी पहारीने मारहाण करतो आणि स्फोट घडवतो. हा रॉबिन म्हणजे या नावाचा दुसरा मुलगा, जेसन टॉड. तो जगावा की मरावा, हे वाचकांनी दूरध्वनीने ठरवायचे होते. त्यासाठी दोन क्रमांक देण्यात आले. प्रत्येक फोनला ५० सेंट पडत. संपादक डेनिस ओनील यांना ही कल्पना सुचली ती १९८२ मधील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमावरून. त्यात एका शेवंड्याला शिजवावे की जगवावे, यावर प्रेक्षकांचे मत घेतले होते.

१५ व १६ सप्टेंबर रोजी सुमारे ३६ तास मतदान चालले. एकूण १०,६१४ फोन आले. मृत्यूच्या बाजूने ५,३४३ आणि जगवण्याच्या बाजूने ५,२७१. अंतर केवळ ७२ मतांचे. ४२८व्या अंकाच्या दोन्ही आवृत्त्यांची तयारी झालेली होती. त्यांतली एक छापली गेली आणि जेसन मेला. कोणा एकाने यंत्र लावून मृत्यूच्या क्रमांकावर वारंवार फोन केल्याची वदंता पुढे ओनील यांनीच सांगितली. ती सिद्ध झालेली नाही. फ्रँक मिलर यांच्यासारख्या लेखकाने या साऱ्या प्रकाराची निर्दय म्हणून निर्भर्त्सना केली. गंमत अशी, की जेसनच्या मृत्यूची सूचना सर्वप्रथम मिलर यांच्याच १९८६ मधील ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ या भविष्यकालीन कथेत आली होती. त्या कथेने वाचकाचे अपेक्षाक्षितिज आधीच हलवून ठेवले होते.

या ५,३४३ मतांचा अर्थ कसा लावावा? येथे मत या रूपाची मर्यादा उघड होते. जेसन हा उद्धट आहे म्हणून काहींनी त्याच्या विरुद्ध कौल दिला असेल. त्याच वर्षीच्या ४२४व्या अंकात एक अत्याचारी गुन्हेगार उंचावरून पडून मरतो. तो घसरला की जेसनने त्याला ढकलले, हे संहितेने मोकळे सोडले होते. ही रिक्त जागा ज्यांनी ‘ढकलले’ अशी भरली, त्यांच्या लेखी जेसनला शासन होणे योग्य असेल. काहींना पहिला रॉबिन प्रिय असेल, काहींना केवळ काय होते हे पाहायचे असेल, काहींना शोकात्म कथाच अधिक सकस वाटली असेल. मतपेटीत या सर्व कारणांचे एकच चिन्ह होते. पत्रात जे वेगळे राहिले असते, ते मतात मिसळून नाहीसे झाले.

आणखी एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. मृत्यू हा जोकरच्या सूडाचा परिणाम असेल, वाचक मात्र एका फोनने तो टाळू शकतो, अशा आशयाची जाहिरात ४२७व्या अंकावर होती. म्हणजे वाचकाला आवाहन होते ते त्राता होण्याचे. प्रत्यक्षात बहुमताने त्राता होण्याचे नाकारले. रॉबिन हे पात्र १९४० मध्ये निर्माण झाले, ते बॅटमॅनला बोलायला कोणी असावे आणि लहान वाचकाला कथेत आपला प्रतिनिधी सापडावा म्हणून. १९८८ मध्ये वाचकांनी आपल्या प्रतिनिधीविरुद्धच कौल दिला. याचे कारण बहुधा असे, की तोवर वाचक वयाने वाढला होता आणि त्याला कथेत स्वतःचे बालरूप नकोसे झाले होते.

पुढच्याच वर्षी मालिकेने याला अर्थपूर्ण उत्तर दिले. १९८९ मध्ये आलेला तिसरा रॉबिन टिम ड्रेक हा निरीक्षणाच्या बळावर बॅटमॅनचे गुपित ओळखणारा, त्याच्या पराक्रमांचा मागोवा घेणारा मुलगा होता. थोडक्यात, तो चाहता होता. बॅटमॅनला रॉबिनची आवश्यकता का आहे, हे तो बॅटमॅनला युक्तिवादाने पटवतो. मतदार वाचकाने रिकामी केलेली जागा कथेने युक्तिवाद करणाऱ्या वाचकाला दिली, असे यावरून म्हणता येते.

५. अनुकथा : शेवट पुन्हा लिहिण्याची परंपरा

तिसरे रूप अनुकथेचे. ते अलीकडचे व केवळ रंजनसाहित्याशी निगडित आहे, हा समज वाङ्मयेतिहासाशी जुळत नाही. सॅम्युएल रिचर्डसन यांची ‘क्लॅरिसा’ ही कादंबरी १७४७-४८ मध्ये भागाभागाने प्रसिद्ध होत असताना लेडी ब्रॅडशे या वाचक स्त्रीने प्रारंभी टोपणनावाने पत्रे लिहून नायिकेला वाचवण्याची विनवणी केली. तिच्या बहिणीने, लेडी एक्लिनने, स्वतःचा वेगळा शेवट लिहून काढला. नेहम टेट यांनी १६८१ मध्ये ‘किंग लिअर’चा शेवट सुखान्त केला आणि दीड शतकाहून अधिक काळ इंग्लिश रंगभूमीवर हीच आवृत्ती चालली.

भारतीय परंपरेतील सर्वांत बोलके उदाहरण भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’चे आहे. रामायणाच्या उत्तरकांडात सीता भूमीत प्रवेश करते. भवभूतीने राम व सीता यांचे पुनर्मीलन घडवले. ते घडवण्याची त्याची रीतही लक्षणीय आहे. सातव्या अंकात वाल्मीकींनी रचलेला नाट्यप्रयोग अप्सरा सादर करतात आणि राम-लक्ष्मण प्रेक्षक म्हणून बसतात. सीतेचे दुःख रंगमंचावर पाहून राम मूर्च्छित होतो. तेव्हा लक्ष्मण वाल्मीकींनाच साद घालतो आणि त्यांच्या काव्याचा अर्थ हाच का, असे विचारतो. प्रेक्षकाने कवीला जाब विचारण्याचा हा क्षण भवभूतीने नाटकाच्या घडणीतच सामावून घेतला आणि त्यानंतरच पुनर्मीलन घडू दिले. वाचकाचा आक्षेप आणि कथेचा बदललेला शेवट यांतील नाते याहून नेमकेपणाने मांडणे कठीण आहे.

भवभूतीची कलाकृती आणि आजची अनुकथा यांच्यात गुणवत्तेचे साम्य सुचवण्याचा येथे हेतू नाही. साम्य आहे ते कार्याचे. दोन्हीकडे मूळ कथा वाचकाला ठाऊक आहे असे गृहीत धरलेले असते, आणि बदललेल्या शेवटाचा अर्थ मूळ शेवटाच्या स्मृतीवर अवलंबून असतो. हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ मध्ये, मिशेल द सेर्तो यांची कल्पना विस्तारून, अशा वाचकाला दुसऱ्याच्या रानात शिकार करणाऱ्याची उपमा दिली. ती अंशतः समर्पक आहे. मात्र शिकारी सावज घेऊन जातो. अनुकथेचा लेखक मूळ कथेला पुन्हा वाचकांच्या चर्चेत आणून सोडतो. २०१९ मधील ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ या चित्रपटात टोनी स्टार्क मरण पावल्यानंतर तो जगला असता तर काय झाले असते, अशा असंख्य अनुकथा लिहिल्या गेल्या. त्यांतून त्या मृत्यूमागची अपरिहार्यता, मागे राहिलेल्या पात्रांचे दुःख, वीरमरणाच्या गौरवाविषयीची शंका, अशा चित्रपटात त्रोटक राहिलेल्या बाजूंचा विस्तार झाला.

अनुकथाही बहुधा क्रमशः लिहिली जाते आणि तिच्याही एखाद्या भागात मृत्यू येतो. तेव्हा कालचा तक्रारदार वाचक आज तक्रारी ऐकणारा लेखक होतो. अनुकथांच्या जगात यासाठी एक संकेत रूढ झाला आहे : प्रमुख पात्राचा मृत्यू होणार असल्यास कथेच्या प्रारंभी तशी सूचना द्यायची, किंवा सूचना देणार नाही हे तरी सांगायचे. १९७३ च्या अंकात शीर्षक शेवटच्या पानावर दडवले गेले होते. येथे मृत्यूची वार्ता आधीच दिली जाते. पहिल्या पद्धतीत आघाताला मोल आहे, दुसरीत वाचकाच्या संमतीला. सूचनेमुळे रसहानी होते असे प्रथमदर्शनी वाटेल. पण संस्कृत नाटकाचा प्रेक्षक, किंवा कीर्तनात हरिश्चंद्राचे आख्यान ऐकणारा श्रोता, कथानक जाणूनच बसलेला असे. शोकाची उत्कटता वार्तेच्या नवलाईवर अवलंबून नसते, हे या संकेतामागचे गृहीतक भारतीय रसिकाला अपरिचित नाही.

मूळ प्रकाशकांनीही पुढे अनुकथेचीच वाट धरली. जेसन टॉड २००५ मध्ये कथेत परत आला. आणि १९८८ मध्ये न छापलेला पर्याय, म्हणजे रॉबिन जगल्याची आवृत्ती, २०२३ मध्ये स्वतंत्र अंक म्हणून प्रसिद्ध झाली. पस्तीस वर्षांनी अल्पमताची कथाही छापली गेली.

६. रसविघ्नांच्या प्रकाशात

वर नोंदवलेल्या प्रतिसादांचे मूल्यमापन करण्यासाठी अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त सांगितलेली सात रसविघ्ने उपयोगी पडतात. या यादीचे वैशिष्ट्य असे, की तिच्यात दोष एकट्या वाचकाच्या किंवा एकट्या संहितेच्या माथी मारलेला नाही. ‘निजसुखादिविवशीभाव’, म्हणजे स्वतःच्या सुखदुःखात बुडून जाणे, हे विघ्न आस्वादकाकडचे आहे. ‘संभावनाविरह’, म्हणजे घटनेची संभवनीयता न पटणे, हे मुख्यतः संहितेकडचे.

आपली ग्वेन गेली म्हणून मासिक घेणेच थांबवणारा वाचक पहिल्या विघ्नाने ग्रस्त आहे, असे म्हणता येईल. पण पडण्याने मृत्यू कसा येईल, असे विचारणारा वाचक संभावनाविरहाकडे बोट दाखवतो आहे. तो रसास्वादाची अट सांगतो आहे. मारले कोणी, हा प्रश्न ‘संशययोग’ या विघ्नाजवळ जातो. मूळ विवेचनात हा संशय अश्रूंसारखा अनुभाव नेमक्या कोणत्या स्थायीचा, याविषयीचा आहे. ग्वेनच्या प्रसंगी संशय कारणाविषयी असला, तरी पीटरचे दुःख शोकाचे की अपराधाचे, हे त्यावरच अवलंबून राहते.

‘अप्रधानता’ हे विघ्न येथे विशेष विचारार्ह ठरते. अभिनवगुप्ताला अभिप्रेत आहे ते स्थायी भावाचे प्राधान्य. जे गौण आहे त्यावर प्रतीती विश्रांत होत नाही. या विचाराचा विस्तार केला, तर स्त्रीवादी वाचकांचा आक्षेप त्यात बसतो. नायकाला दुःख व्हावे एवढ्यासाठीच ज्यांना मारण्यात आले, अशा स्त्रीपात्रांची यादी १९९९ मध्ये गेल सिमोन यांनी केली. तिचे नाव त्यांनी १९९४ मधील ‘ग्रीन लँटर्न’च्या एका अंकावरून घेतले होते, जिच्यात नायकाच्या प्रेयसीचे प्रेत शीतकपाटात कोंबलेले दाखवले आहे. या यादीमागचा प्रश्न रसव्यवस्थेचाच आहे : मृत्यू जिचा, ती केवळ विभाव, शोक ज्याचा, तो आश्रय. मरणारीचे स्वतःचे मरण कथेत कोठेच नसते. तेव्हा तेथे वाचकाचे मन स्थिरावत नसेल, तर तो दोष वाचकाचा नव्हे. सिमोन पुढे स्वतः या कथांच्या नामवंत लेखिका झाल्या, हेही नोंदवण्यासारखे आहे.

न. चिं. केळकर यांनी १९२१ मध्ये बडोद्याच्या साहित्य संमेलनात मांडलेली ‘सविकल्प समाधी’ची कल्पना या संदर्भात पुन्हा पाहावीशी वाटते. आपले स्वत्व न सोडता परकाया-भूमिकेत शिरण्याचा आनंद वाचक घेतो, असे तिचे सार. क्रमशः कथेचा वाचक एका भागापुरता समाधीत असतो आणि दोन भागांच्या दरम्यान विकल्पांत. पत्र, मत व अनुकथा या तिन्ही कृती या विकल्पकाळात घडतात. जो वाचक पीटरसाठी रडतो, तोच दुसऱ्या दिवशी संपादकाला पत्र लिहून शंका विचारतो. तादात्म्य आणि तटस्थता या दोन अवस्था एकाच वाचकात आलटून पालटून नांदतात. भाबडा वाचक आणि चिकित्सक वाचक अशी माणसांची विभागणी करण्याऐवजी, ती वाचनाच्या क्षणांची विभागणी आहे, असे मानणे अधिक युक्त ठरेल.

७. समारोप

या विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, क्रमशः कथेतील मृत्यूवर उमटणाऱ्या प्रतिसादात भावविवशता असते, तशीच संभवनीयता, कारणमीमांसा आणि न्याय यांची चिकित्साही असते; दुसरीला पहिलीच्या नावाखाली बाद करता येत नाही. दुसरी, प्रतिसादाचे रूप त्याच्या आशयाला आकार देते. पत्र कारण मागते, मत कारण पुसून टाकते, अनुकथा कारणाऐवजी पर्यायी कृती पुढे ठेवते. वाचकाला सर्वाधिक सत्ता मतदानाने दिली आणि सर्वांत कमी वाणीही त्यानेच दिली. तिसरी, शेवट बदलून लिहिणे हे समीक्षेचेच एक प्राचीन रूप आहे. भवभूतीच्या लक्ष्मणाचा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

मराठीच्या अभ्यासकांसाठी यातून काही कामे निघतात. नियतकालिकांतून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या मराठी कादंबऱ्यांचा अभ्यास बहुधा ग्रंथरूप आवृत्तीवरून होतो. भागांच्या सीमा, त्यांमधली प्रतीक्षा आणि त्या दरम्यान छापलेली वाचकांची पत्रे त्यातून निसटतात. जुन्या अंकांच्या फायली चाळून ही सामग्री वेचणे, लेखकांच्या पत्रव्यवहारातील वाचकांची पत्रे सूचीबद्ध करणे, आणि त्यांचे वर्गीकरण ‘आवडले, नावडले’ या पलीकडे, कोणत्या रसविघ्नाची तक्रार आहे, या कसोटीवर करणे शक्य आहे. पदव्युत्तर वर्गात एखाद्या क्रमशः कादंबरीचे वाचन मूळ भागांच्या क्रमाने, मध्ये खंड ठेवून करून घेतले, आणि प्रत्येक खंडात विद्यार्थ्यांकडून लेखकाला उद्देशून सकारण पत्र लिहवून घेतले, तर वाचक-प्रतिसाद सिद्धान्त अधिक नेमकेपणाने उमगेल. त्या पत्रांत राग असेल, हट्टही असेल. त्यांतील कारणे वेगळी काढून तपासणे, हे अध्यापकाचे काम.